वैयक्तिक ब्लॉगचं परीक्षण करायचंय, गुण नक्की कशाला द्यायचे?

नौपाडेकर | शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

ठाण्यातल्या आमच्या वाचक मंडळाने यंदा मराठी वैयक्तिक ब्लॉगची छोटीशी स्पर्धा ठेवली आहे, ठाणे आणि नवी मुंबईकरांसाठी. तीसेक प्रवेशिका आल्यात. तीन परीक्षकांत माझं नाव घातलंय. का, ते विचारू नका. ज्या बैठकीत ठरलं तिला मी हजर नव्हतो, बहुधा म्हणूनच. :)

मंडळाने दिलेला तक्ता सरळ आहे. मांडणीला ५० गुण, मजकुराला ५०. मांडणीखाली लिहिलंय 'आकर्षकता, रंगसंगती, छायाचित्रे'. मजकुराखाली 'भाषा, विषयांचे वैविध्य, नियमितता'. कागदावर बरं दिसतं. प्रत्यक्ष दोन ब्लॉग शेजारी शेजारी उघडले आणि गाडी अडली.

पहिला बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातल्या एका बाईंचा. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं, वर 'आपले सहर्ष स्वागत आहे' म्हणत सरकणारी पट्टी, कोपऱ्यात हिट काउंटर. बघताक्षणी बंद करावासा वाटतो. पण सोड्यांवरचा लेख वाचायला घेतला आणि जागचा हललो नाही. १ जूनला मासेमारी बंद व्हायच्या आत कोलंबी सोलून वाळवायची ती कुठल्या बाजूच्या गच्चीवर, कावळ्यांसाठी काय बांधायचं, आणि वाळलं हे कसं ओळखायचं: दोन सोडे एकमेकांवर आपटले की 'टक्' असा कोरडा आवाज यायला हवा, 'थप्' आला तर अजून एक ऊन. सासूबाई डोळ्यांनी अधू झाल्यावर आवाजावरून सांगायच्या, असं लिहिलंय. शुद्धलेखन यथातथाच.

दुसरा घोडबंदर रोडच्या एका तरुणाचा प्रवासाचा ब्लॉग. पांढराशुभ्र, ऐसपैस, पडदाभर फोटो. एखाद्या मासिकासारखा. आणि प्रत्येक लेखाची सुरुवात 'मित्रांनो, चला तर मग जाणून घेऊया'. नाणेघाटावर लिहिलंय, पण हा गडी नाणेघाटात गेला होता की नाही ते लेख संपेपर्यंत कळत नाही. सह्याद्री मात्र प्रत्येक लेखात न चुकता हिरवा शालू पांघरतो.

तक्त्याप्रमाणे दुसरा सहज पुढे जातो. मला ते पटत नाहीये. तुम्ही कसे गुण द्याल? मांडणीला निम्मे गुण असावेत का?

---

खाडीकिनारा | शनिवार, रात्री ११:०५

मांडणीला दहा द्या, बाकी सगळे मजकुराला. ब्लॉग वाचायला असतो. विषय संपला.

---

चष्मिश_ऐरोली | शनिवार, रात्री ११:३१

विषय संपला नाही हो. मी ऐरोलीत एका कंपनीत हेच काम करतो, म्हणजे पडदे कसे दिसावेत आणि कसे वापरले जावेत ते बघणं. तक्त्यातला घोळ ५० या आकड्यात नाही, 'आकर्षकता' या शब्दात आहे.

काका, एक करा. त्या दोन ब्लॉगांचे रंग मोजा. अक्षराचा रंग आणि मागचा रंग यांतला फरक मोजायचं एक जागतिक प्रमाण आहे. नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी ते किमान ४.५:१ असावं असं वेब सुलभतेचे नियम सांगतात, मोठ्या मथळ्यांना ३:१ चालतं. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१:१, याच्या वर काही नाही. भडक पिवळं काळ्यावर ठेवलं तर साडेएकोणीसच्या आसपास जातं. आणि हल्ली 'मासिकासारख्या' ब्लॉगांवर जी नाजूक राखाडी अक्षरं असतात ना, ९९९९९९ या रंगकोडची, ती पांढऱ्यावर २.८५ च्या पुढे जात नाहीत. म्हणजे नापास.

त्या तरुणाच्या ब्लॉगवर असंच राखाडी असेल तर मांडणीच्या परीक्षेत कोळीवाड्यातल्या ताई त्याच्या पुढे आहेत. दिसायला काहीही असो.

---

नौपाडेकर | रविवार, सकाळी ७:५०

आत्ता बघितलं. राखाडीच आहे! काल रात्री मी चष्मा पुसून पुसून वाचत होतो.

---

मोगरा_नेरूळ | रविवार, सकाळी ९:१२

चष्मिश, आकडा ठीक आहे, पण काळ्यावर पिवळं मी पाच मिनिटांच्या वर वाचू शकत नाही. मला सिलिंड्रिकल नंबर आहे, गडद पार्श्वभूमीवरच्या उजळ अक्षरांना कडेने फुलोरा येतो. तुमच्या प्रमाणात हे कुठे बसतं?

---

चष्मिश_ऐरोली | रविवार, सकाळी ९:४०

बसत नाही, बरोबर आहे तुमचं. दृष्टिवैषम्य असलेल्या पुष्कळ जणांना हा त्रास होतो. ते प्रमाण म्हणजे नुसता उंबरठा, तो ओलांडला म्हणजे घर चांगलं असं नव्हे. म्हणून मी शेवटी स्वतःच्या डोळ्यांवर जातो. माझी पद्धत सांगतो: ब्लॉग कधीच ऑफिसच्या मोठ्या पडद्यावर तपासायचा नाही. संध्याकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये, उभं राहून, एका हातात फोन धरून एक लेख शेवटपर्यंत वाचायचा. बोटाने झूम करावं लागलं का? ओळ पडद्याबाहेर गेली का? वाचता वाचता मध्येच खिडकी उघडून 'सदस्य व्हा' आलं का? वाटेत नेटवर्क गेलं तर फोटोंच्या आधी मजकूर तरी आलेला होता का? मांडणीचे निम्मे गुण इथेच ठरतात.

---

जुळारी | रविवार, दुपारी १:२७

धागा आवडला. माझा डीटीपीचा धंदा, लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळं केलंय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

वर सगळे रंगांवर बोलताहेत, पण मराठी ब्लॉगची मांडणी मार खाते ती अक्षरात. साचे सगळे इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनलेले. तिथे ओळींमधलं अंतर जेमतेम असलं तरी चालतं. आपल्याकडे वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. वरच्या ओळीचा 'कृ' खालच्या ओळीच्या 'र्कीं'वर बसतो. अक्षराच्या उंचीच्या निदान दीडपट ते पावणेदोनपट अंतर हवं. परीक्षकाने हे एवढं पाहिलं तरी अर्धा अंदाज येतो.

दुसरं, दोन्ही कडा सरळ करायचा हव्यास. छापील पुस्तकात ते शोभतं, कारण तिथे आम्ही शब्द तोडतो, ओळ ओढूनताणून बसवतो. फोनच्या अरुंद पडद्यावर ब्राउझर तसं करत नाही. मग 'महानगरपालिकेच्या' हा शब्द खाली गेला की वरच्या ओळीत तीनच शब्द उरतात आणि त्यांच्यात हात घालता येतील एवढ्या फटी. डावी कड सरळ, उजवी मोकळी सोडा. वाचायला तेच बरं.

तिसरं, मथळ्यातली अक्षरं लांब लांब करायची फॅशन. इंग्रजीत अक्षरांमध्ये हवा सोडतात, छान दिसतं. तेच देवनागरीला केलं की शिरोरेघ तुटते. ठाण्यातल्या एका कवितेच्या ब्लॉगवर कवीचं नावच असं तुकडे तुकडे होऊन लटकलेलं बघितलंय. तिरप्या अक्षरांचंही तसंच. आपल्या लिपीत तिरप्याची परंपरा नाही, ब्राउझर सरळ अक्षरच ढकलून वाकडं करतो. अख्खं अवतरण तिरपं केलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात.

आणि चौथं म्हणजे श आणि ल. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठी वर्णमालेसाठी या अक्षरांची मराठी वळणं दिली आहेत. काही फॉन्टांत, उदाहरणार्थ नोटो देवनागरीत, ही मराठी वळणं असतातही, पण पानाची भाषा 'मराठी' अशी नोंदवली तरच ती उमटतात. बहुतेक ब्लॉगांच्या साच्यात भाषा 'इंग्रजी'च राहून गेलेली असते, मग श, ल हिंदी वळणाचे येतात. याला गुण कापू नका, लोकांना माहीतच नसतं. पण ज्याने हे केलं असेल त्याला माझ्यातर्फे एक गुण जास्त.

फॉन्ट विकत घ्यायची गरज नाही. मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेले मुक्ता आणि बलू फुकट आहेत. त्यातला बलू मथळ्यापुरताच ठेवा, परिच्छेदांना नको.

---

खाडीकिनारा | रविवार, दुपारी १:५५

जुळारीशेठ, दहाचे पंधरा केले. _/\_

---

शुद्धमती | रविवार, दुपारी ३:१०

मजकुराकडे कोणी वळणार आहे की नाही? 'शुद्धलेखन यथातथाच' असं नौपाडेकर सहज लिहून गेले. तीस प्रवेशिकांत ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदीआनंद असणार. भाषेच्या स्पर्धेत शुद्धतेला निदान पंधरा गुण हवेत. 'आणी', 'परंतू', 'म्हनून' हे मी खपवून घेणार नाही.

---

मोगरा_नेरूळ | रविवार, दुपारी ३:४८

शुद्धमतीताई, 'म्हनून' ही त्या बाईंची बोली असेल तर? आगरी-कोळी बोलीत ण चा न होतोच. सासूबाईंच्या तोंडचं वाक्य प्रमाण मराठीत लिहिलं तर तेच खोटं वाटेल.

---

शुद्धमती | रविवार, दुपारी ४:०२

बोली असेल तर ती सगळीकडे सारखी दिसेल. एका ओळीत 'म्हनून' आणि पुढच्या ओळीत 'म्हणून' असेल तर तो टंकनदोष. हा फरक परीक्षकाला कळायलाच हवा. बोलीतल्या लेखनाला माझा विरोध नाही, निष्काळजीपणाला आहे.

---

चष्मिश_ऐरोली | रविवार, दुपारी ४:१५

हे पटलं. +१

---

पाणथळ | रविवार, सायंकाळी ६:३३

मजकुरात खरेखोटेपणाला किती गुण? कुणी विचारलंच नाही म्हणून विचारतो.

मी नेरूळला टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीवर पक्षी बघायला जातो. नवी मुंबईतल्या निम्म्या ब्लॉगांवर फ्लेमिंगोचा लेख असतो आणि त्यातल्या कितीतरी जणांनी हे पक्षी सैबेरियातून येतात असं ठोकून दिलेलं असतं. सैबेरियाचं कुठून आलं देव जाणे. आपल्याकडच्या रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, वीण कच्छच्या रणात होते, ते तिकडून येतात. ठाणे खाडीच्या अभयारण्याची घोषणा २०१५ ची, रामसर दर्जा (पाणथळींना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता) २०२२ चा. हे दोन आकडे तरी बरोबर आहेत का बघा. शोधायला दोन मिनिटं लागत नाहीत.

ठाण्याच्या ब्लॉगांसाठी पहिली आगगाडी घ्या. १६ एप्रिल १८५३ सगळ्यांना पाठ असतं, पण गाडी 'ठाण्याहून मुंबईला निघाली' असं लिहिणारे आहेत. ती बोरीबंदरहून ठाण्याला आली.

माझा सल्ला: प्रत्येक ब्लॉगमधून तपासता येईल असं एकच विधान उचला आणि तपासा. जो एक गोष्ट न बघता लिहितो तो दहा लिहितो.

---

खाडीकिनारा | रविवार, सायंकाळी ६:५०

वैयक्तिक ब्लॉग आहे हो, वर्तमानपत्र नाही. आजोबांनी सांगितलेली गोष्ट कोण पडताळून बघतं?

---

पाणथळ | रविवार, सायंकाळी ७:०४

आजोबांनी सांगितलं असं लिहा ना मग, काहीच हरकत नाही. आठवण तुमची आहे, तीत मी नाक खुपसणार नाही. सैबेरिया तुमच्या आजोबांचा नाही.

---

मोगरा_नेरूळ | रविवार, रात्री ८:२१

मला नौपाडेकरांच्या मूळ प्रश्नात दुसरंच काहीतरी दिसतंय. त्या प्रवासवाल्या मुलाचा दोष चुकीची माहिती हा नाहीच. त्याची सगळी माहिती बरोबरही असेल. पण लेखात तो नाही. 'वैयक्तिक' हा शब्द स्पर्धेच्या नावात आहे आणि तक्त्यात त्याला एकही गुण नाही, हे कुणाच्या लक्षात आलं का?

मी कॉलेजच्या भित्तिपत्रकांचं परीक्षण करायचे तेव्हा एक खूण ठेवली होती. लेखावरचं नाव झाकायचं आणि विचारायचं, हा दुसऱ्या कुणी लिहिला असता तर यातलं काय बदललं असतं? काहीच नाही, असं उत्तर आलं की तो लेख बाजूला. सोड्यांच्या लेखातून सासूबाई काढल्या तर लेखच उरत नाही. 'चला तर मग जाणून घेऊया' हे यंत्रानेही लिहिलेलं असू शकतं, हल्ली लिहितंही. यंत्राने लिहिलंय की माणसाने, हे शोधत बसू नका, शाबित करता येत नाही आणि उगाच कुणाचा अपमान होतो. पाट्या टाकलेलं लेखन पाट्या टाकलेलंच, टाकणारा कोणी का असेना.

हां, आणि 'विषयांचे वैविध्य' तक्त्यातून काढून टाका. एखादा माणूस वर्षानुवर्षं फक्त ठाण्याच्या तलावांवर लिहितो. मासुंदा, कचराळी, उपवन. त्याचे गुण कशाला कापायचे?

---

शुद्धमती | रविवार, रात्री ८:४०

'नियमितता' मात्र ठेवा. दोन वर्षांत चार लेख टाकून ब्लॉग म्हणवून घ्यायचं?

---

मोगरा_नेरूळ | रविवार, रात्री ८:५२

चार चांगले असतील तर हो. रोज 'शुभ सकाळ'चं चित्र टाकणारा नियमितच असतो. :)

---

नौपाडेकर | सोमवार, सकाळी ८:०५

बाप रे, रात्रीत बरंच झालंय. सगळ्यांचे आभार. मोगराताई, 'वैयक्तिक'चा मुद्दा मंडळाच्या चिटणीसांना आज सकाळीच फोन करून सांगितला. ते म्हणाले, "तक्ता गेल्या वर्षीच्या निबंध स्पर्धेचा आहे, तुम्ही हवा तो फिरवा." घ्या!

आता वेगळीच अडचण. काल तिघं परीक्षक बसलो होतो, पहिल्या दहा ब्लॉगांचे गुण ताडून पाहिले. आमच्यातले एक गृहस्थ सगळ्यांना शंभरात सत्तर ते अठ्ठ्याहत्तरच्या मध्ये ठेवतात, कुणाला दुखवायचं नाही म्हणून. दुसऱ्या बाई तीसपासून पंच्याण्णवपर्यंत. बेरीज केली तर निकाल जवळजवळ बाईंच्या यादीसारखाच येतोय. हे कसं सोडवायचं?

---

चष्मिश_ऐरोली | सोमवार, सकाळी ९:३०

काका, ही नेहमीची गोष्ट आहे. ज्याचे गुण जास्त पसरलेले, त्याचंच वजन बेरजेत जास्त पडतं. त्या गृहस्थांचं मत असून नसल्यासारखं झालंय, त्यांच्या भिडस्तपणामुळे. गुणांची बेरीज करूच नका. प्रत्येकाने आपल्या गुणांवरून क्रम लावायचा, पहिला, दुसरा, तिसरा असा. मग क्रमांकांची बेरीज करा. जिची सर्वांत कमी, ती प्रवेशिका पहिली. सत्तर-अठ्ठ्याहत्तरमध्येही क्रम असतोच, तो मोजला जाईल. बरोबरी झाली तर तेवढ्याच दोन ब्लॉगांवर तिघांनी बसून बोला.

आणखी एक. तिघंही यादी वरून खालीच वाचत असणार. पहिले पाच ताज्या डोळ्यांनी, शेवटचे पाच जांभया देत. एकाने वरून, एकाने खालून, एकाने मधूनच सुरुवात करावी. ओळखीचा ब्लॉग निघाला तर त्याचा क्रम त्या परीक्षकाने लावू नये, उरलेल्या दोघांची सरासरी धरावी. ठाणे केवढंसं आहे, ओळखीचे निघणारच.

---

जुळारी | सोमवार, सकाळी ११:१४

प्रत्येक ब्लॉगचे कुठले लेख वाचताय? स्पर्धेसाठी वरचे दोन-तीन चकाचक केलेले असतात. अगदी पहिला, अगदी ताजा आणि मधला कुठला तरी एक असे तीन घ्या. जुन्या लेखापर्यंत पोचता येतं का, हेही त्यातच कळतं. संग्रह वर्षमहिन्यांनी लावलाय का, विषयांची लेबलं धड आहेत का, शोधखिडकी मराठी शब्द शोधते का. लेबलांत 'कविता', 'कविता.' आणि 'माझ्या कविता' अशी तीन वेगवेगळी खाती उघडलेली असतात बघा.

ब्लॉगरवर असाल तर लेखांचे पत्तेही पाहा. मथळा देवनागरीत दिला की ब्लॉगर पत्त्यात तो घेतच नाही, नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडा टाकतो. कुणी लक्ष घालून रोमन अक्षरांत नीट पत्ता दिला असेल तर तो माणूस वाचकाचा विचार करतो असं समजायला हरकत नाही.

---

हातकाठी | सोमवार, दुपारी २:४६

बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज लिहितो. मला दिसत नाही, फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारी सोय, लावून वाचतो.

मराठी ब्लॉगवर माझी सगळ्यात मोठी अडचण कविता. सूर्यास्ताचा फोटो, त्यावर कविता टंकलेली, आणि ते सगळं चित्र म्हणून चढवलेलं. माझ्या फोनला तिथे फक्त 'चित्र' ऐकू येतं. मथळा 'आई', खाली 'चित्र', आणि त्याखाली बावन्न जणांचे 'डोळ्यांत पाणी आलं'. पाणी कशाने आलं ते मला कळत नाही.

वाचणारा आवाजही जुळारींनी सांगितलेल्या त्या भाषेच्या नोंदीवर अवलंबून असतो. पान 'इंग्रजी' म्हणून नोंदलं असेल तर कधी कधी इंग्रजी आवाज मराठी वाचायला लागतो. एकदा ऐकून बघा, करमणूक होईल. परीक्षकांनी फोनमध्ये टॉकबॅक चालू करून एक लेख डोळे मिटून ऐकावा एवढीच विनंती. गुण किती ते तुम्ही ठरवा.

---

नौपाडेकर | सोमवार, रात्री ९:१८

हातकाठी, आज तसंच केलं. तीसेक ब्लॉगांपैकी कवितेचे जेवढे आहेत त्यांतले बहुतेक मुके निघाले. मांडणीच्या गुणांत हे येणार, आणि भरपूर येणार.

तिघांनी मिळून ठरवलं ते सांगतो. तक्ता बाद. मांडणी म्हणजे वाचता येणं, ऐकता येणं आणि जुनं सापडणं, बस्स. मजकुरात लिहिणारा माणूस दिसतो का, हे सगळ्यात वर. नियमितता काढली. शुद्धमती, तुमचा बोली आणि निष्काळजीपणातला फरक घेतला. निकाल क्रमांकांच्या बेरजेने. शिवाय प्रत्येक स्पर्धकाला चार ओळींचा लेखी अभिप्राय द्यायचा, कारण नुसता आकडा घेऊन घरी जाणाऱ्याच्या हाती काय लागतं? प्रवासवाल्या मुलासाठी लिहिलंय: 'नाणेघाटात तुमच्या बरोबर कोण होतं, काय खाल्लंत, कुठे घसरलात, ते लिहा. जकातीच्या रांजणाची माहिती आम्हाला आहे. आणि अक्षरं काळी करा.'

---

मोगरा_नेरूळ | सोमवार, रात्री ९:४४

हातकाठी, तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून अस्वस्थ आहे. माझ्या ब्लॉगवर सगळ्या कविता अशाच चित्रांत आहेत. मूळ मजकूर जुन्या संगणकाबरोबर गेला. आता ती चित्रंच उरलीत. परत टंकायच्या का सगळ्या?

---

जुळारी | सोमवार, रात्री १०:२०

नाही हो ताई, टंकू नका. चित्र गूगल ड्राइव्हवर चढवा आणि 'गूगल डॉक्सने उघडा' म्हणा, खाली मजकूर निघून येतो. मराठीही वाचतं. ढग, झाडं अशा फोटोवर पांढरी अक्षरं असतील तर गडबड करेल, तेव्हा आधी चित्र कृष्णधवल करून घ्या. निघालेल्या मजकुरात रफार आणि अनुस्वार हटकून बघा, तिथेच खातं. कवितेच्या ओळी एकात एक मिसळतील, त्या हाताने तोडाव्या लागतील. अडलं तर दोन-तीन चित्रं मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, करून दाखवतो.

---

हातकाठी | सोमवार, रात्री १०:३८

आणि ताई, चित्रं काढून टाकू नका. खाली मजकूर आला की पुरे. ज्यांना सूर्यास्त दिसतो त्यांनी बघावा की.